काइटबोर्डची घडण

पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावणारी फळी म्हणजे काइटबोर्ड. तिचा इतिहास सुरू होतो तो पतंगापासून. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचे पेटंट घेतले. सॅम्युअल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंग लावलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. मात्र पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवणे अवघड होते. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले. हा पतंग पाण्यावर तरंगतो आणि दोर ओढला की पुन्हा वर चढतो.

१९९० च्या दशकात हवाई बेटांतील माउई येथे हा खेळ बहरला. पहिल्या फळ्या सर्फिंगच्या होत्या: पुढे टोक, मागे पंख. दिशा बदलताना त्यांच्यावर पाय बदलावे लागत. २००० च्या आसपास दोन्ही टोके सारखी असलेली आखूड फळी रुळली. ती दोन्ही बाजूंना धावते, त्यामुळे उडी मारून कोणत्याही दिशेला उतरता येते.

उडीचे मर्म ताणात आहे. रोहण्यासारख्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोरांनाही ते ठाऊक असते: ढील दिली की पतंग मागे सरकतो, मांजा ओढला की चढतो. काइटबोर्डवर हा ताण फळीची कड सांभाळते. स्वार कड पाण्यात रोवून दोर ताणतो, पतंग डोक्यावर आणतो आणि कड सोडतो, तसा तो वर उचलला जातो.

उसळत्या पाण्यात ही कड रोवून ठेवणेच कठीण जाते. रुंद, सपाट आणि ताठ फळी प्रत्येक लाटेवर आपटते आणि तो दणका थेट गुडघ्यांत जातो. म्हणून अशा पाण्यासाठी किंचित अरुंद, टोकांशी वर वळलेली आणि टोकांना थोडी लवचीक फळी घेतात. मधला भाग मात्र ताठ हवा, नाहीतर उडीचा जोर कमी पडतो. ७५ किलोच्या स्वारासाठी १३५ ते १४० सेंमी लांब आणि ४० ते ४२ सेंमी रुंद हे नेहमीचे माप आहे. वारा जोरदार असेल तर त्याहून लहान फळी चालते. पाय घट्ट धरणारे पट्टे उडीत फळी निसटू देत नाहीत.

मोठ्या लाटांवर मात्र जुनी टोकदार फळी टिकून राहिली. लाटेच्या उतारावर ती सहज वळते, आणि लाटेची चढण उडीला आधार देते. ज्याला लाटेवर स्वारी करायची आणि उड्याही घ्यायच्या, तो तिला पट्टे बसवून घेतो.

गोव्यात मोरजीला शापोरा नदी समुद्राला मिळते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की तिथे पतंग चढतात. उघड्या समुद्राच्या बाजूला पाणी उसळते असते, तर मुखाच्या आडोशाला ते बरेच शांत राहते. म्हणून एकाच किनाऱ्यावर अरुंद-लवचीक आणि रुंद-ताठ अशा दोन्ही जातींच्या फळ्या उपयोगी पडतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथम आला, तो पाण्याखालच्या पंखावर उचलल्या जाणाऱ्या फळीवर. ती शर्यतीची फळी. उड्यांसाठी मात्र दोन टोकांची आणि लाटांसाठी टोकदार फळी आजही कायम आहे.