तोटींतलें पाणी आणि नागरिकाची खात्री

पाणी निर्मळ दिसलें म्हणजे तें निर्दोष असतेंच असें नाहीं, ही गोष्ट जगाला फार उशिरां कळली. १८५४ सालीं लंडनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां डॉ. जॉन स्नो यांनीं मृत्यूंची नोंद केली व ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाकडे बोट दाखविलें. रोगाचें बीज डोळ्यांना दिसत नव्हतें. तें नोंदींतून दिसलें. त्या नोंदी पॅरिशच्या मंडळापुढें ठेवल्या गेल्या, म्हणूनच त्या पंपाचा दांडा काढला गेला.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हीं एके काळचीं खेडीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढें कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्यें नगरपालिका व १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. विहिरीवर पाणी शेंदणारा माणूस आपली विहीर ओळखीत असे. नळाच्या तोटीशीं उभ्या राहणाऱ्यास मात्र पाण्याचा उगम दिसेनासा झाला. मावळांतील पवना धरणाचें पाणी नदीच्या उघड्या पात्रांतून रावेतला येऊं लागलें व निगडीस शुद्ध होऊन घरोघर जाऊं लागलें. तें बंद जलवाहिनीनें आणावें अशी योजना निघाली, तेव्हां शेतकऱ्यांस आपल्या शेताची चिंता पडली. ९ ऑगस्ट २०११ रोजीं द्रुतगति मार्गावर बऊरपाशीं झालेल्या गोळीबारांत तिघे प्राणास मुकले.

नोव्हेंबर २०१९ पासून शहरांत एक दिवसाआड पाणी देण्यास आरंभ झाला. नळ रिकामा राहिला कीं फटींतून बाहेरची घाण आंत शिरूं शकते. शुद्धीकरण केंद्रांतील दाखला मग तोटीपाशीं पुरा पडत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें पुणें परिसरांत गुइलेन बॅरे हा मज्जातंतूंचा विकार पसरला. पिंपरी-चिंचवडमध्येंहि रुग्ण आढळले. कांहीं रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर हे जंतु सांपडले. दूषित पाणी व अन्न हे त्यांचे मार्ग होत.

भारतीय मानक १०५०० प्रमाणें १०० मिलिलिटर पाण्यांत ई. कोलाय जंतु मुळींच नसावेत, आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यांत तें लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावें. हें क्लोरीन मोजावयाचें तें ग्राहकाच्या टोकाशीं, असें मानकच सांगतें. गृहिणीला रसायनशास्त्र येण्याची गरज नाहीं. तिच्या वस्तींतल्या तोटीचा आंकडा तिला वेळेवर वाचावयास मिळाला पाहिजे. भीति वाटेल म्हणून आंकडा झांकला, तर भीति जात नाहीं; सावध होण्याची संधि तेवढी जाते. ज्या पाण्यासाठीं मावळांत माणसें गेलीं, तें कसें आहे हें पिणाऱ्यास ठाऊक असावें, ही मागणी मोठी नव्हे.