चान्या कुठं गेल्या?

लहानपणी आमच्या गावात काही अंगणांत दोरीवर मांसाच्या पट्ट्या वाळत असायच्या. त्या चान्या. फ्रीज कुणाकडं होता? मीठ लावून कडक उन्हात वाळवल्या की पावसाळ्यापर्यंत पुरायच्या. निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर कालवणात टाकायच्या. मी त्या मित्राच्या घरी खाल्ल्या आणि आमच्या घरी सांगितलं नाही. चव आठवते, लपवल्याची लाजही.

१९७६ च्या कायद्यानं गोहत्या बंद झाली. २०१५ मध्ये बैलही त्यात आला. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. त्यात मराठवाड्यातलं हे दलित घरांतलं जेवण आहे. हायवेवरच्या 'गावरान' थाळ्यांत मात्र ते मी अजून पाहिलं नाही.

परवा मित्राच्या आईला कृती विचारली. मावशी सगळं सांगत गेल्या, मग एकदम थांबल्या. "आमचं नाव नको घालू रे पेपरात."