दृष्टीमागचे रासायनिक संदेशवहन

नवी दिल्ली : सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी पेशी अंधारात ग्लुटामेट हे रसायन सतत स्रवतात, प्रकाश पडताच हा स्राव घटतो. हा बदल पुढील चेतापेशी टिपतात आणि संदेश मेंदूतील थॅलॅमसकडे पोहोचतो. तेथे ग्लुटामेट संदेश पुढे नेते, तर ‘गाबा’ त्याला आवर घालते.

दिल्लीच्या ‘एम्स’मधील शशी वाधवा व वीणा बिजलानी यांनी १९८०च्या दशकात हंगेरीतील संशोधकांसह मानवी गर्भाच्या थॅलॅमसमधील दृष्टिकेंद्रात गाबायुक्त पेशींची गणना केली. आवर घालणारी ही यंत्रणा जन्मापूर्वीच आकार घेते.

जन्मानंतर मात्र या जोडण्या पक्क्या होण्यासाठी दोन्ही डोळ्यांतून स्पष्ट प्रतिमा मिळणे आवश्यक असते. म्हणूनच दृष्टी अडवणाऱ्या जन्मजात मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया लांबवली जात नाही.