आतड्याच्या कुळातली सप्तमी

बुडापेस्टच्या नकाशावर जुन्या मध्यवस्तीला 'बेलवारोश' असे नाव दिसते. 'वारोश' म्हणजे शहर, 'बेल' म्हणजे आतले. हाच 'बेल' जरा लांबवून म्हटला की हंगेरियनमध्ये त्याचा अर्थ होतो आतडे. इथवर ठीक. गंमत पुढेच आहे. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबॉन' म्हणजे घरात. 'केर्त' म्हणजे बाग, 'केर्तबेन' म्हणजे बागेत. सप्तमीचे काम करणारा हा बॉन-बेन प्रत्ययही त्याच आतड्याचा भाऊबंद!

युरोपच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या सामी लोकांच्या भाषेशी हंगेरियनचे नाते यानोश शॉयनोविच या हंगेरियन अभ्यासकाने 1770 मध्ये दाखवले. फिनिशही त्याच गोतातली. तेव्हा प्रत्ययही वडिलोपार्जित असणार, असे कुणालाही वाटेल. पण फिनिश 'तालोस्सा' (घरात) यातला 'स्सा' अगदी वेगळ्या घडणीचा आहे. बॉन-बेन ही हंगेरियनची स्वकमाई.

असे प्रत्यय आधी सुटे शब्द होते, याचा पुरावा कागदोपत्री आहे. 1055 मध्ये राजा पहिला आंद्राश याने बालाटोन सरोवराकाठच्या तिहॉन्य मठाला दानपत्र दिले. मजकूर लॅटिन, मधूनमधून हंगेरियन शब्द. त्यात 'उतु रेआ' म्हणजे 'रस्त्यावर' असे आहे. आज त्याचे 'ऊत्रॉ' झाले. म्हणजे आजचा 'रॉ' हा प्रत्यय तेव्हा 'रेआ' असा पुरा, दोन अक्षरी शब्द होता.

बाराव्या शतकाच्या अखेरचे एक अंत्यविधीचे प्रवचन त्याहून मोलाचे. त्यात 'विलाग बेले' म्हणजे 'जगाच्या आत (जाणे)' असे येते. आज 'विलागबॉ' म्हणतात; 'बॉ-बे' हा बॉन-बेनचाच जोडीदार, आत जाणे दाखवणारा. हंगेरियनचा दंडक असा की प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वरांशी जुळला पाहिजे. 'विलाग'ला 'बॉ' चालतो, 'बे' चालत नाही. प्रवचनातला 'बेले' हा दंडक मानत नाही, कारण तो अजून पुरता चिकटलेलाच नाही. त्याच प्रवचनात 'पॉरादिशुमबेन' (स्वर्गात) आहे. इथे शब्द झिजून 'बेन' झालाय, पण स्वर अजून जुळलेला नाही. आज तिथे 'बॉन'च हवा. झीज आणि जुळणी या दोन वेगळ्या पायऱ्या इथे उघड दिसतात.

आता वादाचा मुद्दा. आधी आतडे की आधी 'आत'? 'आत'वाल्यांकडे चांगला दाखला आहे: अक्रोडाच्या गराला हंगेरियनमध्ये 'दिओबेल' म्हणतात, पावाच्या मऊ गाभ्याला 'केन्येरबेल'. तिथे आतड्याचा संबंध काय? मराठीही त्यांच्याच बाजूने साक्ष देते. संस्कृत 'अंतर्'पासून आपला 'घरात'मधला 'त' आला; 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी 'घरांत' असे अनुस्वारासह छापत, ती त्याचीच खूण. आणि त्याच 'अंतर्'पासून 'अंत्र', म्हणजे आतडेही आले. म्हणजे आपल्याकडे 'आत' आधी, आतडे नंतर.

तरी माझा कौल आतड्यालाच. जगभरच्या भाषांत शरीराचे अवयव जागेचे शब्द होतात. आपले 'पाठीमागे' आहेच. गुरे पाळणाऱ्या, शिकार करणाऱ्या लोकांना 'आत' काय असते हे जनावर सोलतानाच पहिल्यांदा दिसले असणार. अक्रोडाचा गर पुढचा.

पुरे शब्द झिजून झालेले असे प्रत्यय युरोपात आणखी आहेत. जर्मन 'लिख' हा विशेषणांचा प्रत्यय 'शरीर' या जुन्या शब्दाचा. आज त्याच शब्दाचे 'लाइखं' म्हणजे प्रेत उरले आहे. फ्रेंच क्रियाविशेषणांचा 'माँ' लॅटिन 'मेंते'चा, म्हणजे 'मनाने'. स्पॅनिशमध्ये तो अजूनही अर्धाच चिकटलेला आहे: दोन क्रियाविशेषणे जोडून आली तर पहिले 'मेंते' गाळतात.

आपण शाळेत 'त, ई, आ' हे सप्तमीचे प्रत्यय घोकून पाठ करतो. व्याकरणाच्या पुस्तकात त्या 'त'शेजारी 'अंतर्' एवढा एक शब्द छापावा. घोकंपट्टी निम्म्याने कमी होईल.