तल्लकोंडपाडूची मंडळी : एका ग्रामीण बाप्टिस्ट चर्चचा इतिहास

मराठी वाचकाला ‘बाप्टिस्ट’ हे नाव ठाऊक आहे ते प्रामुख्याने विल्यम कॅरी यांच्यामुळे. श्रीरामपूरच्या या बाप्टिस्ट मिशनऱ्याने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला. या उपकाराची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात आहे. परंतु ज्या पंथाने आपल्याला व्याकरण दिले, त्याच पंथाची सर्वांत मोठी ग्रामीण मंडळी आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखात, समाजाच्या अगदी तळच्या थरातून उभी राहिली, याची जाणीव फारशी आढळत नाही. प्रस्तुत लेखात त्या मंडळीचा वृत्तांत थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू मिशन १८४० मध्ये नेल्लोर येथे स्थिरावले. पुढली पंचवीस वर्षे त्याच्या पदरी जवळजवळ काहीच पडले नाही. हे मिशन बंद करावे, असा विचार अमेरिकेत एकाहून अधिक वेळा झाला. १८५३ साली तेथील सभेत नकाशावरील त्याच्या एकाकी ठिकाणाला कोणीतरी ‘एकटा तारा’ म्हटले आणि ‘लोन स्टार’ हे नाव कायमचे चिकटले. १८६५ साली जॉन एव्हरेट क्लफ हे मिशनरी भारतात आले. तरुणपणी त्यांनी सरकारी जमीनमोजणीचे काम केले होते. त्या कामाचा उपयोग पुढे कसा झाला, ते यथावकाश येईलच. १ जानेवारी १८६७ रोजी ओंगोल येथे चर्चची स्थापना झाली, तेव्हा सभासद होते अवघे आठ.

या इतिहासाचा खरा आरंभ मात्र ओंगोलच्या बंगल्यात झालेला नाही. तो तेथून सुमारे ४० मैल पश्चिमेस असलेल्या तल्लकोंडपाडू या खेड्यातील मादिगवाड्यात झाला. मादिग म्हणजे चर्मकाम करणारी, मेलेली गुरे ओढणारी, गावदेवीपुढे डफ वाजवणारी जात. आपल्याकडील मांग समाजाशी तिचे पुष्कळ साम्य आहे. येथील येर्रगुंटला पेरय्या हे कातड्याचे व्यापारी. वृत्तीने ते साधक होते. एका स्त्रीगुरूकडून त्यांनी राजयोगाची दीक्षा घेतली होती आणि त्यांचे स्वतःचेही शिष्य होते. व्यापारानिमित्त एलुरूच्या बाजूस गेले असता त्यांच्या कानी ख्रिस्ताची कथा पडली. १८६६ मध्ये त्यांनी पत्नी नागम्मा यांच्यासह ओंगोल येथे बाप्तिस्मा घेतला. पुढल्या जानेवारीत क्लफ तल्लकोंडपाडूस गेले, तेव्हा पेरय्यांनी भोवतालच्या खेड्यांतील माणसे आधीच जमवून ठेवली होती. त्या मुक्कामात २८ जणांचा बाप्तिस्मा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वार्ता पसरली ती मिशनऱ्याच्या प्रवचनांनी कमी आणि सोयरीक, कातड्याचा व्यापार व गुरुपरंपरा या जुन्याच वाटांनी अधिक. क्लफ यांचे मोठेपण हे की, त्यांनी त्या वाटा मोडल्या नाहीत. वाड्यातील वडीलधाऱ्यांची पंचायत त्यांनी कायम ठेवली, तिच्या संमतीने निर्णय घेतले आणि दर तीन महिन्यांनी सर्व खेड्यांतील उपदेशकांना ओंगोलास बोलावण्याचा प्रघात पाडला.

सभासदांसाठी नियम मोजकेच होते : रविवारी काम करू नये, मृत जनावराचे मांस खाऊ नये, मूर्तिपूजा करू नये. वाचताना हे नियम सौम्य वाटतात. परंतु बलुतेदारीची चौकट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्यांतील स्फोटकता सांगावयास नको. रविवारी काम नाही म्हणजे सुगीत शेतमालकाला नकार. मूर्तिपूजा नाही म्हणजे जत्रेत डफ वाजवण्यास नकार. गावाने आपला हिशेब लगेच मांडला. पाणी तोडले, मजुरी थांबवली, खोटे खटले झाले. दुसरीकडे, ओंगोलात ब्राह्मणादी वरिष्ठ वर्गातील काही मंडळी मिशनच्या शाळेकडे वळू लागली होती. हे अस्पृश्य आत आले तर आम्ही येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. क्लफ दांपत्याने अस्पृश्यांना नाकारले नाही, आणि वरच्या वर्गाची ती वाट त्यानंतर बंद झाली.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. आपल्या दख्खनलाही त्याने होरपळले होते. मद्रास सरकारने बकिंगहॅम कालव्याचे खोदकाम हाती घेतले, तेव्हा क्लफ यांनी सुमारे साडेतीन मैलांचा मक्ता स्वतः घेतला. मोजणीचे जुने ज्ञान येथे कामी आले. सरकारी छावणीत जाण्यास भिणारे हजारो लोक त्यांच्या विश्वासातील उपदेशकांच्या देखरेखीखाली खोदू लागले व मजुरीवर जगले. या काळात क्लफ यांनी सुमारे पंधरा महिने एकाही माणसाला बाप्तिस्मा दिला नाही. धान्यासाठी धर्म घेतला, असे कोणी म्हणू नये, हा त्यामागील हेतू होता.

मदतकार्य संपले आणि १८७८ च्या जून महिन्यात लोटलेली माणसे परत जाईनात. ३ जुलै रोजी गुंडलकम्मा नदीच्या पात्रात, वेलमपल्ली येथे, एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा देशी उपदेशक पाळीपाळीने, एका वेळी दोघे, असे सुमारे नऊ तास पाण्यात उभे होते. म्हणजे मिनिटाला सरासरी चार माणसे. वर्षअखेर ही संख्या ९,६०६ वर गेली. या पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, स्वतः श्रद्धा व्यक्त करणाऱ्यालाच देतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. शेकडो खेड्यांत विखुरलेले हे सारे लोक कागदोपत्री एकाच ओंगोल चर्चचे सभासद होते. जगातील सर्वांत मोठी बाप्टिस्ट मंडळी म्हणून तिचा लौकिक झाला.

टीका तेव्हाही झाली, आजही होते. हे ‘पोटासाठी झालेले ख्रिस्ती’ होत, असा तिचा आशय. भूक हे कारण नव्हतेच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उपाशी माणसाला मजुरी देणाऱ्याविषयी जिव्हाळा वाटणारच. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. दुष्काळाच्या आधी दहा वर्षे, पाणी तुटत असतानाही, हीच माणसे आली होती. आणि धान्य संपल्यावर, परत जा असे सांगितले असतानाही, ती नदीकाठी उभी राहिली. त्यांना हवा होता तो मान, आणि आपल्याच वाड्यातील उपदेशकाच्या हातून मिळणारे अक्षर. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलेला मुक्ता साळवे या जोतीरावांच्या शाळेतील मांग मुलीचा निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही तहान ओळखीची वाटेल.

१९१० मध्ये क्लफ अमेरिकेत निवर्तले. १९६२ साली तेलुगू बाप्टिस्ट चर्चांचा ‘समावेशम’ स्थापन होऊन कारभार देशी हाती आला. कथा मात्र तेथे संपत नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध तीत समाविष्ट झाले, ख्रिस्ती झाले नाहीत. आंध्र व तेलंगणात ते मागासवर्गाच्या ‘क’ गटात, १ टक्का आरक्षणात मोडतात. शासकीय सेवेत ज्यांच्या हातून जातीचे दाखले गेले आहेत, त्यांना याचा अर्थ माहीत आहे. दाखल्यावर एक धर्म व चर्चच्या नोंदवहीत दुसरा, अशी दुहेरी ओळख घेऊन अनेक कुटुंबे जगतात. २०२२ साली केंद्राने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आयोग नेमला.

या नोंदवह्यांकडे निव्वळ धर्मांतराची यादी म्हणून पाहणे अपुरे आहे. महसुली दप्तरात ज्यांची नोंद ‘अमक्या गावचे मादिग’ एवढीच असे, त्यांची नावे तेथे एकेक करून, नवरा-बायकोची वेगवेगळी, लिहिली गेली. आपण परमुलखात आलेली कुटुंबे आपल्या वंशावळी, सनदा व कुलवृत्तांत किती जिवापाड जपतो! तल्लकोंडपाडूच्या माणसांपाशी तसा कागद १८६७ पासूनचा आहे. त्याचे मोल त्यांना किती असेल, हे आपल्याहून अधिक चांगले कोणाला कळावे?