दगडाचा बैल का नाही?

हल्ली पुण्यातल्या उन्हाळी शिबिरांत एक प्रकार हमखास असतो. मुलांच्या हातात एकेक गुळगुळीत गोटा देतात, सोबत ॲक्रिलिक रंग. तासाभरात त्या गोट्याचं कासव होतं, घुबड होतं, नाहीतर लेडीबग. (लेडीबग! आपल्याकडे पहिल्या पावसात मखमली लाल मृगाचा किडा निघतो, पण त्याला कोण विचारतो.) गोटे पॅकेटातून विकत मिळतात. मी पडलो लातूरचा. आमच्याकडे दगड विकत घेतला असं सांगितलं तर लोक आधी तब्येतीची चौकशी करतील.

ही कला आली कुठून? आज दिसते त्या रूपात बरीचशी अमेरिकेतून. लिन वेलफर्ड या बाईंचं दगडांवर प्राणी रंगवण्याचं पुस्तक १९९४ साली आलं आणि तिकडे हा छंद घरोघर गेला. पण सुट्या दगडावर प्राणी काढणं ही गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. नामिबियातल्या एका गुहेत १९६९ साली जर्मन संशोधक वोल्फगांग वेंट यांना प्राणी रंगवलेल्या दगडी चिपा सापडल्या. सुमारे २५ ते ३० हजार वर्षं जुन्या. त्याच दिवसांत चांद्रयान परत आलं म्हणून गुहेचं नाव ठेवलं अपोलो ११! म्हणजे बघा, हातात मावेल असा दगड आणि त्यावर जनावर, ही कल्पना माणसाला शेतीच्या खूप आधी सुचलेली आहे.

मग मला पडलेला प्रश्न असा. लातूर-नांदेडएवढा दगड कुठे असेल? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट, आणि देगलूर-बिलोलीकडे गेलं की ग्रॅनाइट. आमच्या गढ्या दगडाच्या, बारवा दगडाच्या, वाड्याच्या भिंती दगडाच्या. पोरांच्या हातात चोवीस तास दगड. तरी आमच्याकडे रंगवलेला दगडी बैल हे खेळणं का नाही?

बैल आहे, पण मातीचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांची खांदेमळणी होते, पोळ्याला त्यांच्या शिंगांना हिंगूळ लागतो, अंगावर झूल चढते. आणि घरात पूजेला असतात मातीचे बैल. ज्याच्या दावणीला बैल नाही त्याच्याही घरात ही जोडी असतेच. एरवी पोरं ज्वारीच्या धाटाची गाडी करतात. तिकडे नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल ओढत नेतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. माती, धाट, लाकूड. दगड नाहीच.

ही सवय आजकालची नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक डबी मिळाली. आत एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल, दोन्ही कच्च्या मातीचे. काळ इसवी सनापूर्वी तेराशेच्या आसपास. मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला छिद्रं आहेत, काडी घातली की बाई बैलावर स्वार होते. मला हे फार आवडतं. बाकी सगळं बाजूला ठेवा, पण कोणीतरी तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हा जोड बसतो का हे काडी घालून बघितलं असणार! तो देव होता की खेळणं? घराखाली इतक्या निगुतीने पुरलंय म्हणजे देवच, असं अभ्यासकांचं मत. पटण्यासारखं आहे.

दायमाबादची गोष्ट याच्या उलटी. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४ साली एका स्थानिक माणसाला जमिनीखाली चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. हत्ती, गेंडा, म्हैस यांच्या खाली चाकांची सोय. चाकं बघितली की आपण लगेच ‘खेळणं’ म्हणतो, पण चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर आहे. असलं खेळणं ओढायला दोन बाप लागतील. त्यांच्या काळाबद्दलही अभ्यासकांत वाद झालेत, त्यात मी शिरत नाही. आमच्या शेजारचं तेरही (जुनं नाव तगर) सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. लामतुरे संग्रहालयात त्या बघायला मिळतात. लातूरहून एका सकाळीत होण्यासारखं आहे, जरूर जा.

तर मुद्दा दगडाचा. माझा अंदाज असा की आमच्याकडे रंगवलेल्या दगडाची जागा आधीच भरलेली होती. दगडाला रंग लावला की तो खेळणं होत नाही, देव होतो.

नांदेड जिल्ह्यातच माहूरगडावर रेणुका आहे. तिथे हातपाय घडवलेली मूर्ती नाही, तांदळा आहे. नुसता मुखवटा, शेंदूर आणि डोळे. बांधाबांधावरचा म्हसोबा बघा. कसलंही कोरीवकाम नाही, शेंदूर लावला की झालं. ठाणे-पालघरच्या वारल्यांचा वाघोबा तर सरळसरळ जनावरच. दगडावर नाहीतर लाकडावर वाघ, बाजूला चंद्र-सूर्य, वरून शेंदूर. शिबिरातल्या वाघाच्या सगळ्यात जवळचा आपला नातेवाईक हाच, फक्त याच्याशी कोणी खेळत नाही.

आणि आमची येळवस! मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूला वेळा अमावस्या म्हणतात. कर्नाटकात हीच एळ्ळ अमावस्या, एळ्ळ म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूर शहर अक्षरशः ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगड मांडतात. हे पांडव. त्यांना चुना लावायचा, हळदीकुंकू वाहायचं, मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ते दगड रानातलेच असतात. सकाळी ज्याला ठेच लागली असती तो दुपारी धर्मराज! आणि हा रंग बहुतेक घरांत पोरंच लावतात. म्हणजे दगड रंगवायचं शिबिर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फी नाही, वर जेवण.

मातीचं तसं नाही. माती आज आहे, उद्या पाण्यात. तिच्याशी खेळता येतं, कारण ती परत जाते. दगड जात नाही, त्यामुळे त्याच्याशी जपून.

इथे १९९३ आठवल्याशिवाय राहत नाही. माझा जन्म त्यानंतरचा, पण लातूरच्या घरात ही तारीख सगळ्यांना पाठ असते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती पाण्यात सोडून लोक उशिरा झोपले, आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मेलेल्यांचा आकडा आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगतात. एवढी माणसं गेली ती घरांमुळे. दगड आणि मातीच्या जाडजूड भिंती, मातीला पकड नाही, वर मातीचंच जड माळवद. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. ज्या दगडाने पिढ्यान्‌पिढ्या ऊन-थंडी अडवली त्याच्याचखाली लोक झोपले ते उठले नाहीत. आमच्या आजीच्या वयाची माणसं त्यानंतर कित्येक दिवस अंगणात झोपत. पण येळवसेला पाच दगड मांडणं कोणी थांबवलं नाही. यावर शहाणपणाचं काही बोलावं असं मला वाटत नाही, फक्त हे दोन्ही एकाच जिल्ह्यात झालंय एवढं नोंदवतो.

आता कामाचं. पोरांना दगडावर जनावर काढायला द्याच, पण देवळातला शेंदूर देऊ नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि शिसं पोरांच्या मेंदूला घातक. हिंगूळ म्हणजे मुळात पाऱ्याचं संयुग, त्याचंही तेच. घरात उरलेल्या जुन्या ऑइलपेंटपासूनही लांब. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, डबा त्याआधीचा असेल तर विसरा. गेरू मात्र उत्तम, ते लोखंडाचं ऑक्साइड. (शिवाय शेंदूर लावलेलं कासव कुठे पिंपळाखाली विसरलात तर महिन्याभरात तिथे चौथरा होईल. रस्त्यावर नवी देवळं नकोत असं सुप्रीम कोर्टाने २००९ साली सांगितलंय, पण पिंपळाला कोण सांगणार.)

आमचा काळा बेसाल्ट रंग खातो. म्हणून गोटा धुऊन चांगला वाळवायचा, आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचा हात द्यायचा. चुनकळी पोरांच्या हातात नको, डोळ्यात गेली तर भाजते. बुडाची सपाट बाजू शोधायची. बसलेला बैल सगळ्यात सोपा, कारण पाय काढावेच लागत नाहीत. वशिंडासाठी मुळातच उंचवटा असलेला दगड निवडायचा. अंग गेरूचं, शिंगं काळी. आणि पेणचे कारागीर गणपतीची आखणी शेवटी करतात तसे डोळे सगळ्यात शेवटी.