गांजा-भांग नियमन आणि स्थानिक स्वराज्य संस्था : अमरावती व अकोला

गांजा-भांग नियमन : भांगेच्या झाडापासून मिळणाऱ्या गांजा, चरस आणि भांग या पदार्थांची लागवड, साठा, विक्री व सेवन यांवरील सरकारी नियंत्रण. या नियंत्रणात ग्रामसभा, ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांचा वाटा किती, आणि उद्या कायदा सैल झालाच तर तो किती असावा, याचा विचार या नोंदीत वऱ्हाडातील अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. भारतात गांजा व चरस नशेसाठी कोठेही वैध नाहीत. भांगेच्या पानांचा प्रश्न राज्यांकडे आहे. गावाला आजच्या कायद्याने नकाराचा बराच अधिकार दिला आहे. परवानगी देण्याचा मात्र जवळपास नाही.

इतिहास : वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि सरकारी दप्तरात ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणून नोंदले गेले. त्या काळी गांजा आणि भांग यांवर सरकार कर घेई आणि परवान्याच्या दुकानांतून त्यांची विक्री चाले. गांजामुळे वेड लागते का, गुन्हे वाढतात का, त्यावर सरसकट बंदी घालावी का, या वादातून १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभरात १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यात वऱ्हाडातील साक्षीही होत्या आणि त्या मुंबई व सिंध यांच्या साक्षींबरोबर सातव्या खंडात छापल्या गेल्या.

सरसकट बंदीची गरज नाही आणि ती पेलवणारही नाही, असा निष्कर्ष आयोगाने १८९४ मध्ये काढला. त्याऐवजी त्याने चार उपाय सुचवले : पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीला मनाई व लागवड ठरावीक ठिकाणी एकवटणे, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि एका माणसाने किती माल बाळगावा याची हद्द. आज जगात जेथे जेथे गांजा कायदेशीर झाला आहे, तेथील नियमांचा सांगाडा थोड्याफार फरकाने हाच आहे.

वऱ्हाडाला लागून असलेल्या निमाड जिल्ह्यात ही पद्धत प्रत्यक्षात होती. खांडव्याच्या परिसरात परवानाधारक शेतकरी गांजा पिकवत आणि तो सरकारी देखरेखीखाली साठवला जाई. १९०३ नंतर वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला आणि १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याच्या चौकटीत ही विक्री चालू राहिली. दुकान कोणत्या गावात असावे हे ठरवण्याचा अधिकार या साऱ्या व्यवस्थेत अबकारी खात्याकडे होता. सरकारी तिजोरीला महसूल मिळे, दुकानासमोरून रोज पाणी भरायला जाणाऱ्या बायकांना मात्र कोणी विचारत नसे. पुढे आलेल्या स्थानिक अधिकारांकडे पाहताना ही उणीव ध्यानात ठेवावी लागते.

समाजाची दृष्टी दुहेरी होती. शेगावच्या गजानन महाराजांवरील दासगणू महाराजांच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात काशीहून आलेल्या गोसाव्याने केलेल्या गांजाच्या नवसाची कथा आहे आणि शेगावच्या भक्तांना ती परिचित आहे. याच मातीतल्या गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी मात्र आयुष्यभर गावोगाव फिरून व्यसनांविरुद्ध लोकांना जागे केले. वऱ्हाडी माणसाच्या मनात हे दोन्ही प्रवाह आजही शेजारी शेजारी नांदतात.

आजची कायदेशीर चौकट : राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार आरोग्याला घातक मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ५१ नुसार भांगेवरील उत्पादन शुल्क राज्याकडे आहे. पंचायतींच्या अकराव्या आणि नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत मादक पदार्थांचा विषय नाही.

१४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमली पदार्थ व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, लागू झाला. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया व्याख्येबाहेर राहतात. त्यामुळे पानांची भांग या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर आहे आणि महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल चालतो. उत्तर प्रदेश, राजस्थान व मध्य प्रदेशात परवान्याची भांगेची दुकाने आहेत. अमरावती जिल्ह्याची उत्तर हद्द मध्य प्रदेशाला भिडलेली असल्याने सीमेच्या एका बाजूला परवान्याने मिळणारी वस्तू दुसऱ्या बाजूला गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते.

गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचा साठा अल्प प्रमाण मानला जातो. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २० किलोपेक्षा जास्त साठा व्यापारी प्रमाण धरला जातो आणि त्याला किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. बेकायदा लागवडीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कपाशी किंवा तुरीच्या ओळींत दडवलेली झाडे उपटली जातात, पंचनामा होतो, वजन होते. पुढे न्यायालयात वाद उभा राहतो तो याच वजनावर. मुळे, देठ, पाने आणि शेंडे एकत्र तोलले की वेगवेगळे? नुसत्या शेंड्यांचे वजन नोंदलेले नसेल, तर व्यापारी प्रमाणाचा आरोप डळमळीत होतो. आरोपी आणि तपास अधिकारी या दोघांचेही पुढचे सारे त्या काट्यावरच्या आकड्यावर ठरते.

सरपंचाचे कर्तव्य : एनडीपीएस कायद्यात गावपातळीचा थेट उल्लेख कलम ४७ मध्ये येतो. गांजाची बेकायदा लागवड झाल्याचे समजताच प्रत्येक पंच, सरपंच आणि ग्राम-अधिकाऱ्याने पोलिसांना किंवा संबंधित खात्याला तत्काळ कळवले पाहिजे. हयगय केल्यास त्याला स्वतःला शिक्षा होऊ शकते. कलम ४६ नुसार जमीनधारकावरही असेच बंधन आहे. गावचा कारभारी येथे नियामक नाही, तो माहिती देणारा आहे. ज्या गावात सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात, तेथे हे कर्तव्य किती अवघड असते हे सांगायला नको. माहिती देणाऱ्या सरपंचाला संरक्षण कोण देणार, याचे उत्तर या कलमात नाही.

‘आडवी बाटली’चा धडा : मादक वस्तूवर गावाने मत द्यायची पद्धत महाराष्ट्रात दारूच्या संदर्भात रुजली. राज्य सरकारच्या मार्च २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा शहरातील प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल मिळाला की परवाना बंद होतो. ही अट कडक आहे, कारण मतदानाला न आलेल्या बाईचे मत एका अर्थी दुकानाच्या बाजूने मोजले जाते. मजुरीसाठी बाहेरगावी गेलेल्या बायका मतदानाला पोचल्या नाहीत, तर चळवळ थोडक्यात हरते.

जिल्हापातळीवरील निर्णयही विदर्भाने अनुभवले आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली.

मेळघाटातील ग्रामसभा : अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च २०१४ मध्ये जारी केले. या कायद्यात कोणत्याही मादक पदार्थाची विक्री व सेवन बंद करण्याचा, नियंत्रित करण्याचा किंवा मर्यादित करण्याचा अधिकार पंचायत व ग्रामसभेसाठी नमूद आहे. शब्द ‘कोणत्याही’ असा असल्याने भांगही त्यात येते. वऱ्हाडातल्या इतर कोणत्याही गावापेक्षा मेळघाटातील कोरकू आदिवासी गावाच्या हाती म्हणूनच अधिक बळ आहे. मोहाच्या दारूपुरते ते वापरले जाते. त्याचा आवाका मोठा आहे हे फार थोड्या ग्रामसभांपर्यंत पोचले आहे. केंद्रीय कायद्याने बंद केलेला गांजा मात्र पेसाच्या ठरावानेही सुरू करता येत नाही.

शहरे : अमरावती महानगरपालिका १९८३ मध्ये आणि अकोला महानगरपालिका २००१ मध्ये स्थापन झाली. दोन्हींचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. त्यातील कलम ३७६ मुळे उपद्रवकारक व्यवसायांना परवाना बंधनकारक करता येतो. जमिनीचा वापर ठरवण्यासाठी २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आहे, आणि शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. उद्या भांगेच्या दुकानाचा किंवा औषधी गांजाच्या विक्रीचा प्रश्न आला, तर महापालिकेला नवे हत्यार शोधावे लागणार नाही. आहे ते वापरण्यासाठी निरीक्षक लागतील, आणि या दोन्ही शहरांत नेमकी त्यांचीच वानवा आहे.

परदेशातील पर्याय : स्थानिक निवडीचे सर्वांत सुटसुटीत उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे आहे, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथे २०२१ च्या कायद्याने गावांना व शहरांना २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत गांजा व्यवसायाला बंदी घालण्याची मुभा दिली. मुदतीत निर्णय न घेणाऱ्यांना पाच वर्षे बंदी घालता येणार नव्हती. परवानगी देणाऱ्या नगरपालिकेला विक्रीवर दोन टक्क्यांपर्यंत स्थानिक कर लावता येतो. बहुतेक ठिकाणांनी आधी नकारच दिला.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा वैध आहे. ओंटारियो प्रांताने नगरपालिकांना २२ जानेवारी २०१९ पर्यंत दुकानांना नकार देण्याची संधी दिली. मिसिसागाने नकार दिला आणि २०२३ मध्ये तो मागे घेतला. एकदा होकार दिला की पुन्हा नकार देता येत नाही, अशी तेथील अट आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी गांजा वैध केला, तरी कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराने नशेसाठीची विक्री २०२४ च्या मतदानापर्यंत रोखून धरली. क्वेबेक प्रांतात विक्री सरकारी दुकानांतूनच होते.

या सर्वांतून पर्यायांची एक शिडी दिसते : पूर्ण नकार, शाळांपासून अंतर, दुकानांच्या संख्येवर मर्यादा, वेळेचे बंधन, सार्वजनिक जागी सेवनास मनाई, स्थानिक कर, आणि सरकारी मालकीची विक्री.

शेतीचा प्रश्न : एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ नुसार तंतू व बियांसाठी औद्योगिक लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते, तर कलम १० लागवडीचे नियमन राज्याकडे सोपवते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचे परवाने देण्यास सुरुवात केली. तेथे झाडातील मादक घटक ०.३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. कपाशीच्या भावाने गांजलेल्या वऱ्हाडात असे पीक लगेच लोकांच्या तोंडी येते. पण बियाण्याची शुद्धता, दर हंगामी तपासणी आणि खरेदीची हमी या तीन गोष्टी नसतील, तर मादक घटक मर्यादेबाहेर गेल्यावर तुरुंगात जाईल तो शेतकरी. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. चाचण्या घ्यायच्याच असतील तर त्या प्रथम विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर घ्याव्यात.

मूल्यमापन : वऱ्हाडापुरते पाहिले तर स्थानिक संस्थांकडे तीन गोष्टी हव्यात आणि त्या एकमेकींवर अवलंबून आहेत. पहिली, परवाना देण्यापूर्वी ग्रामसभेचा किंवा प्रभागाचा कौल. ‘आडवी बाटली’ दुकान उघडल्यानंतर येते. कौल आधी घेतला तर गावाचे भांडण टळते. दुसरी, करातला ठरावीक वाटा थेट व्यसनमुक्ती व समुपदेशनासाठी, कारण नशेचा खर्च शेवटी घरच्यांच्या डोक्यावर पडतो. तिसरी, माहिती देणाऱ्या सरपंच व पोलीस पाटलांना संरक्षण. १८९४ च्या आयोगाने कर, परवाना, संख्या आणि हद्द यांचा विचार केला. गावाच्या संमतीला त्या चार उपायांत जागा नव्हती. पुढचा कोणताही कायदा या चौकटीत गावाची संमती घालणार नसेल, तर अमरावती-अकोल्यातल्या गावांनी त्याला विरोध करावा. त्यासाठी ग्रामसभेला हजर राहणे आणि ठराव इतिवृत्तात नीट लिहून घेणे, एवढे आजच्या कायद्यातही प्रत्येक मतदाराच्या हाती आहे.